तायडे मॅडमसमोर बसलेली माणसं

तायडे मॅडम माणसाकडे पाहायच्या, ते जरा जास्तच पाहायच्या. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये समोरच्या खुर्चीवरून त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी पदर सारखा केला, केस सारखे केले, तरी त्यांची नजर हलेना. शेवटी मीच विचारलं, काही चुकलंय का. त्या म्हणाल्या, "नाही जी. तुमचा डावा डोया उजव्यापेक्षा उशिरा हसते."

घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःशीच हसून पाहिलं. खरंच होतं ते. तीस वर्षं मी तो चेहरा घेऊन फिरत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. मी लग्न होऊन साताऱ्याकडून आलेली. सुरुवातीला मला वाटायचं की इथली माणसं सारखी रागावलेली आहेत. तायडे मॅडम वर्गात शुद्ध पुस्तकी बोलायच्या आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. मी एकदा विचारलं, असं का. तर म्हणाल्या की नोकरीची भाषा नोकरीत, घरची भाषा बाकी सगळीकडे. मी त्यांना नोकरीत धरण्याजोगी वाटत नव्हते, हे कळून मला फार बरं वाटलं.

उंच, हाडकुळ्या, रंगाने चांगल्याच काळ्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल त्या विसरून जायच्या आणि मग पेन्सिल शोधत सगळी स्टाफरूम उलथीपालथी करायच्या. लग्न केलं नव्हतं. वडील सूतगिरणीत कामाला होते, ते गेल्यावर एकट्याच राहायच्या. दोन खोल्यांचं घर, त्यातली उत्तरेकडची खोली चित्रांची. तिथे एक ईझल, हात असलेली एक वेताची खुर्ची आणि टर्पेंटाइनचा वास. रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की आठ ते अकरा त्या माणसांची चित्रं काढायच्या. अकरानंतर अकोल्याचं ऊन चेहरा पांढरा करून टाकतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा एकच हट्ट होता. माणूस समोर बसला पाहिजे. फोटोवरून त्या काढायच्या नाहीत. चांदूर रेल्वेहून एक निवृत्त साहेब आपल्या वडिलांचा फोटो घेऊन तीनदा आले. तिसऱ्यांदा तर रडवेले झाले होते. मॅडमनी त्यांना चहा दिला, फोटो हातात घेऊन खूप वेळ पाहिला आणि परत केला. फोटोवरून काढलं तर पुन्हा फोटोच होईल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमीच बसा. तुमच्यात ते असतीनच थोडेसे." साहेब बसले नाहीत. कुणाकडून तरी त्यांनी ते चित्र करून घेतलं असणार.

मी त्या खोलीत शिरले ती बोलण्यासाठी. मॅडमची तक्रार अशी की खुर्चीवर बसलं की माणूस श्वास धरतो आणि त्याचा चेहरा ओळखपत्रावरच्यासारखा होतो. त्यांना स्वतःला काढताना बोलता येत नसे. म्हणून मी यायचं आणि बसलेल्या माणसाशी गप्पा मारायच्या. काहीही. मी बडबडी आहे हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं माझे रविवार तिथे गेले. डॉक्टर, कंत्राटदार, कुणाची आजी, कुणाचे गुरुजी. मी बोलत असे, ते उत्तरं देत असत आणि तेवढ्यात मॅडमना हवं ते मिळून जात असे. मिळालं की त्या जिभेने एक टक् आवाज करायच्या. तो ऐकला की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटे.

एका उन्हाळ्यात आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी पल्लवी आली. तलाठी म्हणून तिची निवड झाली होती आणि त्या आनंदात वडिलांनी तिचं चित्र काढून घ्यायचं ठरवलं होतं. ते खोलीत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात मॅडमना सांगू लागले की पोरीचा रंग जरा उजळ घ्या, पुढेमागे स्थळं येतील, चित्र भिंतीवर असेल. पल्लवी खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिला ते नवीन नसावं. ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

मॅडमनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. त्यांना फक्त बाहेर जायला सांगितलं.

मग त्यांनी पॅलेटवर रंग काढायला सुरुवात केली. एरवी त्या चार-पाच रंगांत काम भागवायच्या. त्या दिवशी काढतच राहिल्या. विटकरी, जांभळा, गडद हिरवा, निळा, पिवळ्या मातीचा. पल्लवीने घाबरून विचारलं की एवढे कशाला. मॅडमनी तिला उठवून जवळ बोलावलं, हातात छोटा आरसा दिला आणि खिडकीशी उभं केलं. गालाच्या हाडाखाली बोट धरून म्हणाल्या, इथे निळा आहे, दिसतो का. कपाळावर तांबडा. मानेखाली सावलीत हिरवट. काळा रंग असा डबीतून काढून लावता येत नाही, तो एवढ्या सगळ्यांचा मिळून होतो. पल्लवी आरशात पाहत राहिली. मग येऊन बसली आणि त्यानंतर तिने फरशी उकरली नाही.

तीन रविवारांनी वडील चित्र न्यायला आले. चित्रातली पल्लवी होती तेवढीच काळी होती, जराही कमी नाही. मला वाटलं, आता भांडण होणार. ते चित्राजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. आणि म्हणाले, "एवढ्या रंगांची हाय का माही पोरगी?"

मॅडम ब्रश पुसत होत्या. त्या नुसत्या हं म्हणाल्या.

पण त्यांचं सगळ्यांत चांगलं काम मला विचाराल तर रुक्माबाईंचं. रुक्माबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा त्यांची, पाण्याची टाकी त्यांची, वर्गावर्गांत फिरणाऱ्या नोटिसाही त्यांच्याच. आमच्या सभागृहात निवृत्त मुख्याध्यापिकांची चित्रं लावण्याची पद्धत होती आणि ती सगळी तायडे मॅडमनीच काढलेली. रुक्माबाईंच्या निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा मॅडम शिक्षकांच्या सभेत उठल्या आणि म्हणाल्या की यांचंही मी काढणार आहे, त्याच मापाचं. कुणी विरोध केला नाही. बहुतेकांना ती गंमत वाटली.

रविवारी रुक्माबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. मी चहा घेऊन आत गेले तर उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. बसल्या. मॅडम रंग घ्यायला पलीकडे गेल्या तर पुन्हा उभ्या. मी पेल्यासाठी हात पुढे केला तर उभ्या. त्या मुद्दाम करत नव्हत्या. शाळेची एकोणतीस वर्षं त्यांच्या गुडघ्यांत बसली होती, कुणी बाई जवळून गेली की गुडघे आपोआप सरळ होत. तीन तासांत चेहऱ्याची एक रेघ पुरी झाली नाही. मॅडम दरवेळी तेच म्हणत होत्या, "बसा म्हंजे बसा, रुक्माबाई."

पुढच्या रविवारीही तेच. मी मॅडमना बाजूला घेऊन सुचवलं की उभ्याच काढा ना, छान दिसतील, हातात घंटेचा दोर. नाहीतर खाली सतरंजीवर बसवा, तिथे त्या खुशीत बसतात. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "उभी तं तिले सगळ्यांनीच पाह्यली," त्या म्हणाल्या. "अन् खालीबी."

तिसऱ्या रविवारी मी गेले तर ईझल नव्हतं. मॅडमनी ते घडी करून कोपऱ्यात ठेवलं होतं आणि कॅनव्हास भिंतीला टेकवून स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. मलाही त्यांनी खाली बसायला सांगितलं. चहाचा थर्मास आधीच भरून खाली ठेवलेला, म्हणजे उठायचं काम नाही. रुक्माबाई आल्या आणि दारातच थबकल्या. दोन मॅडम खाली आणि रिकामी खुर्ची वर. त्या म्हणाल्या, असं कसं जमेल. मॅडमनी त्यांना सांगितलं की आज माझी कंबर दुखते आहे, मला खालीच बसावं लागेल, तुम्ही माझ्यासाठी वर बसा. दुसऱ्याच्या सोयीचं म्हटल्यावर त्या बसल्या.

तासभर अवघडूनच होत्या. मी सुनेचं विचारलं, नातीचं विचारलं. मग शाळेतल्या पहिल्या दिवसाचं विचारलं. त्या सांगू लागल्या की घंटा कशी वेळेआधी वाजवली आणि सगळी शाळा सुटली, पोरी पळत सुटल्या, आणि तेव्हाच्या मुख्याध्यापिका, थोरल्या मॅडम, कशा फाटकाशी आडव्या उभ्या राहिल्या. सांगता सांगता त्यांची पाठ खुर्चीला टेकली. एक हात खुर्चीच्या हातावर आला. एक पाय चपलेतून बाहेर निघाला. त्या हसल्या आणि हसून झाल्यावर तशाच राहिल्या, दमून आराम वाटलेल्या बाईसारख्या. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "आता बोलू नका." इतक्या वर्षांत त्यांनी मला गप्प केलं ते एवढ्याच वेळी.

चित्र झालं. शाळा समितीचे अध्यक्ष येऊन पाहून गेले. फार सुंदर आहे म्हणाले, पण सभागृह मुख्याध्यापिकांसाठी आहे, तेव्हा हे जिन्याखाली, घंटेजवळ लावू. मॅडमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि आता काहीतरी होणार हे ओळखलं. पण त्यांच्याआधी रुक्माबाईच बोलल्या. त्या दाराशी उभ्या होत्या, सवयीने.

"नको जी सायेब. शायेत नकाच लावू. इथं लावलं तं मले पुन्हा उठा लागन."

निरोपाच्या दिवशी त्यांनी ते चित्र रिक्षात मांडीवर उभं धरून जुन्या शहरातल्या आपल्या घरी नेलं. त्यांच्या नातीने त्याचा फोटो काढून मोबाईलवर आपल्या नावापुढे लावला. तो कितीतरी दिवस होता.

तायडे मॅडम निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं झाली असतील. भाजीबाजारात त्या समोरून आल्या. मी हसले. त्या माझ्या अंगावरून सरळ पुढे गेल्या. कुणालाही हजार माणसांतून ओळखणारी बाई. मी मागे जाऊन हाक मारली तेव्हा आवाजावरून वळल्या आणि म्हणाल्या, "तुमी हाय का, जगताप बाई." आणि माझ्या खांद्याकडे बघत राहिल्या.

डोळ्याचा पडदा खराब झाला होता. नागपूरला दाखवून झालं होतं, डोळ्यात इंजेक्शनंही घेऊन झाली होती. मला सांगितलं नव्हतं. या आजारात माणूस आंधळा होत नाही. मधलं जातं, कडेचं राहतं. घराबाहेर फिरता येतं, चहा करता येतो. पण ज्या गोष्टीवर नजर रोखावी तिथे करडा डाग. त्यांनी मला ते नीट समजावून सांगितलं, वर्गात समजावत तसंच. चेहऱ्याकडे पाहिलं की कान राहतात, केस राहतात, चेहरा जातो. बाजूला पाहिलं की परत येतो, पण धुरकट.

"जग सगळं राह्यलं," त्या म्हणाल्या. "मी ज्याच्याकडं पाहीन, तेवढंच जाते."

मी नुसती त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली. मी, जिला त्यांनी बोलण्यासाठी ठेवलं होतं.

काही महिने उत्तरेची खोली बंद राहिली. मी डबा घेऊन जायची. त्या रेडिओ लावून बसलेल्या असत. मग एक दिवस त्यांची थोरली बहीण विमलताई अमरावतीहून आली, तिने दोन पिशव्या भरल्या, कुलूप लावलं आणि मॅडमना घेऊन गेली. विचारलंसुद्धा नाही. विमलताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. आई गेली तेव्हा मॅडम तीन वर्षांच्या होत्या. विमलताईंनी सातवीतून शाळा सोडली आणि या धाकटीला कडेवर घेतलं. तिला शिकवलंही त्यांनीच, वडिलांच्या मागे लागून लागून.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. आवाज पूर्वीचा होता. म्हणाल्या, या, बोलायला माणूस हवं आहे. विमलताईंना बसवलं होतं. आयुष्यभर लोकांची चित्रं काढली आणि घरची तेवढी राहून गेली, ती कुठे जाते म्हणून. आता माझेच डोळे चाललेत. "जोरानं बोला लागन बरं," त्या म्हणाल्या. "तिले ऐकू येत नाही."

मी मूर्तिजापूरमार्गे एसटीने गेले. विमलताईंच्या मुलाच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची मांडली होती. सुनेने पॅलेटवर रंग ठरलेल्या क्रमाने काढून दिलेले, म्हणजे जागेवरून कळावेत. मॅडम विमलताईंसमोर बसल्या होत्या, पण तोंड दाराकडे. दाराकडे बघायच्या, मग कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायच्या आणि हात मध्ये फिरवायच्या. विमलताई वैतागल्या होत्या. मला मोठ्याने सांगू लागल्या की ही माझ्याकडे पाहतच नाही, दाराकडे पाहते आणि माझं चित्र काढते. मी ओरडून काहीतरी उत्तर दिलं, त्यांना भलतंच ऐकू आलं, त्यांनी त्याला उत्तर दिलं. मॅडम हसत होत्या. हिवाळाभर मी चारदा गेले. काम हळू चाललं होतं. नाक दोनदा पुसून पुन्हा काढलं. जिभेचा तो आवाज मात्र मी ऐकला नाही.

चौथ्यांदा गेले तेव्हा चित्र झालं होतं. त्यानंतर आमची भेट झाली नाही. चैत्रात सुनेचा फोन आला, मॅडम झोपेतच गेल्या होत्या. पण त्या चौथ्या भेटीच्या दिवशी त्या छान होत्या, अंबाडा नीट घातलेला. विमलताईंनी तोवर चित्र पाहिलं नव्हतं, पुरं होईपर्यंत पाहायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही त्यांना ईझलसमोर नेलं.

त्यांनी वाकून चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मी नाही."

मॅडमनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं की नाक बिघडलं का. नाक बरोबर आहे म्हणाल्या, पण माझ्या सुरकुत्या कुठे आहेत. मॅडमनी शांतपणे सांगितलं की मला त्या दिसत नाहीत. जे दिसत नाही ते कसं काढू. मी चित्राकडे नीट पाहिलं. हाडं विमलताईंचीच होती, कपाळ त्यांचं, भुवया त्यांच्या. पण बारीक रेषा सगळ्या गेल्या होत्या आणि तिथे तिशीतली एक बाई बसली होती.

"शशी," विमलताई मॅडमना म्हणाल्या, "ही माय हाय."

आईचा फोटो नव्हता. एकही नव्हता, कधी काढलाच नव्हता. मॅडमना आईचा चेहरा आठवत नव्हता. तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार. विमलताईंना आठवत होता, पण तो कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता.

मॅडम ब्रश हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग लहान पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "अशी होती?"

"अशीच होती. इथं गोंदण होतं फक्त." विमलताईंनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "तीन टिंबं."

मॅडमनी हिरव्या रंगात थोडा करडा मिसळला, बारीक ब्रश भिजवला आणि विमलताईंच्या हातात दिला. विमलताई मागे सरकल्या. मला कुठे येतं म्हणाल्या, बिघडेल. मॅडम म्हणाल्या, "तूच लाव. तू पाह्यलं हाय तिले."

विमलताईंनी पदराने हात पुसला. दुसऱ्या हाताने आपलंच मनगट घट्ट धरलं आणि एकेक करून तीन टिंबं लावली. शेवटचं जरा मोठं झालं. मग त्या चहा ठेवते म्हणून आत निघून गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

माझी बसची वेळ झाली होती. मॅडम चित्रासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या, जिथे हिवाळाभर विमलताई बसत. हात मांडीवर होते. तोंड खिडकीकडे होतं, चित्रापासून बाजूला वळवलेलं. बाहेर काही नव्हतं, शेजारची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. मी म्हटलं, मी निघते. त्यांनी हात थोडासा वर केला. मान हलवली नाही. त्या आईकडे पाहत होत्या.